जे पिल्लू दचकलं नाही

आमच्या घरात कुठलीही वस्तू थेट आत येत नसे. आधी ती ओट्यावर थांबे. पप्पा चष्मा लावून बाहेर येत, तिला उलटीपालटी करून बघत आणि मग 'घ्या' म्हणत, किंवा म्हणत नसत. पप्पा अंबडच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. बाहेरून आलेले लोखंडी तुकडे दिवसभर मोजायचे, ड्रॉइंगबरहुकूम असले तर पास करायचे आणि नसले तर लाल टॅग बांधून परत पाठवायचे, हे त्यांचं काम. बावीस वर्षं हेच काम केल्यावर माणूस घरी येऊन निराळं काय करणार? एक प्रेशर कुकर त्यांनी तीनदा बदलून आणला होता, आणि चौथ्यांदा त्यांना येताना पाहून दुकानदाराने शटर अर्धं खाली ओढलं होतं. आईच्या चुलत बहिणीने दिलेली साडी पन्ह्याला दोन इंच कमी भरली म्हणून परत गेली, तिच्यामागोमाग ती बहीणही बरीच वर्षं गेली. माझ्या सहावीच्या प्रगतिपुस्तकात गुरुजींची बेरीज चुकून मला दोन गुण जास्त पडले होते. पप्पांनी शाळेत जाऊन ते कमी करून आणले. आई म्हणायची, 'तू झालीस तेव्हा नर्सने हातात दिल्यावर आधी बोटं मोजली यांनी. वीस भरली म्हणून घरी आणलंय तुला.' पप्पा यावर हसत नसत. त्यांना ती साधी माहिती वाटे.

अशा घरात बुलडॉग यायचं कारण म्हणजे पाण्याची मोटर. कॉलनीच्या टाकीवरची मोटर एका दुपारी चोरीला गेली. भरदुपारी, बायका विहारासमोर गप्पा मारत बसलेल्या असताना. चार दिवस टँकरच्या रांगेत उभं राहून झाल्यावर कुणी म्हणालं ग्रिल लावा, कुणी म्हणालं वॉचमन ठेवा. पप्पांच्या खात्यात बेअरिंगच्या कंपनीचं एक कॅलेंडर लागलेलं होतं आणि त्यावर एका बुलडॉगचं चित्र होतं. खालचा जबडा पुढे, गालांच्या घड्या लोंबलेल्या, डोळ्यांत उधारी बुडवलेल्याकडे बघावं तशी नजर. पप्पांनी ते पान वर्षभर रोज पाहिलेलं असणार. एका संध्याकाळी भाकरी मोडता मोडता ते म्हणाले, 'आपण बुलडॉग घेऊ.' आई बागलाणातल्या नामपूरची. एरवी शाळेतल्या बाईंसारखं स्वच्छ मराठी बोलायची, कारण ती शाळेत बाईच होती. पण डोकं फिरलं की माहेरची अहिराणी बाहेर यायची. ती तव्यावरून मान न वळवता म्हणाली, 'माले काय सांगस? ज्याले सांभाळनं शे त्याले सांग.' म्हणजे मला. मी चौदा वर्षांची होते आणि एकुलती होते, त्यामुळे हा ठराव तिथेच मंजूर झाला.

आता लोक मोबाईलवर पिल्लाचे फोटो सरकवत बसतात आणि पसंत पडलं की ते दुसऱ्या दिवशी दारात येतं. माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये असंच एक आलंय. आल्यापासून ते लिफ्टला घाबरतं. आम्हाला मात्र बुलडॉग शोधायला दोन महिने लागले. आधी पाथर्डी फाट्यावर एकाकडे गेलो, तर त्याने शेपूट कापलेलं गावठी कुत्रं पुढे केलं आणि 'तोंड नंतर बसतं साहेब' असं सांगितलं. पप्पांनी त्या कुत्र्याचं तोंड नीट बघितलं आणि त्याला सांगितलं, की हे तोंड बसलेलंच आहे. मग खात्यातल्या कुणीतरी सिन्नरच्या शेखभाईंचं नाव सांगितलं. शेखभाईंचं पुणे रस्त्याला लागून मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. देवळाली कॅम्पातल्या एका साहेबाची बदली झाली तेव्हा तो आपली बुलडॉगची जोडी त्यांच्याकडे सोडून गेला होता, दोन पंख्यांच्या दुरुस्तीच्या बदल्यात. शेखभाई कुत्र्यांना घरात नेत नसत, घरात नमाजाची जागा होती. कुत्री दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत, आणि त्यांच्यासाठी तिथे एक जुना पंखा दिवसभर चालू असे.

आम्ही रविवारी काळीपिवळीतून गेलो. पप्पांनी सोबत टॉर्च, फूटपट्टी, खडू आणि एक स्टीलची ताटली घेतली होती. ताटली कशाला, असं आईने विचारलं, तर म्हणाले, 'टेस्टला.' पाच पिल्लं होती. पप्पांनी शेखभाईंच्या कामाच्या टेबलावर खडूने पाच चौकोन आखून एक ते पाच आकडे घातले आणि एकेका पिल्लाला उचलून चौकोनात ठेवायला लावलं. पिल्लं चौकोनात थांबत नव्हती, म्हणून मी आणि शेखभाई दोन बाजूंनी धरून उभे राहिलो. पप्पांनी प्रत्येकाचे डोळे टॉर्चने बघितले, नाकपुड्या बघितल्या, एका काचेवर उभं करून चारही पाय टेकतात का ते वाकून बघितलं. 'कातडं मापापेक्षा जास्त आहे,' ते म्हणाले. शेखभाई म्हणाले, 'साहेब, ते असंच येतं. मोठं झालं की भरतं.' पप्पांना हे पटलं. लहान मुलांचे शर्टही आम्ही तसेच घ्यायचो.

शेवटी ताटली. पिल्लं जमिनीवर सोडली होती. पप्पा त्यांच्या मागे गेले, हात उंच केला आणि ताटली फरशीवर सोडून दिली. माझ्याच कानठळ्या बसल्या. एक नंबर जागच्या जागी मुतलं. दोन नंबर कुत्रीच्या पोटाखाली घुसलं. तीन आणि पाच नंबर तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यामागे जाऊन रडायला लागले. चार नंबर, ते एकटंच पांढरंशुभ्र होतं, पप्पांच्या बुटाची नाडी चावत होतं. ते चावतच राहिलं. पप्पांनी ताटली दुसऱ्यांदा टाकली, मग तिसऱ्यांदा. चार नंबरने नाडीचं एक टोक संपवून दुसरं घेतलं. मी पप्पांना इतकं खूश क्वचित पाहिलंय. त्यांनी चष्मा काढून पुसला. 'याला भीतीच नाही,' ते म्हणाले. शेखभाईंनी दाढी खाजवली. 'साहेब, ते ब्राऊनवालं पण बघा. लोक जास्ती करून ब्राऊन नेतात.' पप्पा म्हणाले, 'मला शोभेला नको, राखणीला पाहिजे. चार नंबर पास.' आठ दिवसांत काही निघालं तर बदलून द्यायचं, असं ठरलं. पप्पांनी तसं लिहून घेतलं आणि शेखभाईंनी उर्दूत सही केली.

घरी आल्यावर आईने टोपलीत वाकून बघितलं. 'हाऊ काय शे?' ती म्हणाली. 'याच्या तोंडावर कुणी बसलं होतं का?' उन्हाळ्याची सुट्टी होती आणि आईचे नागलीचे पापड चालू होते. घरभर उकडीचा वास, गच्चीवर साड्या अंथरलेल्या, कावळे हाकलायला मी. पिल्लाला ऊन सोसणार नाही म्हणून पप्पांनी मोरीजवळ एक लाकडी पाट टाकून त्यावर ओलं गोणपाट घातलं होतं. पण पिल्लू तिथून उठून आईच्या पापड लाटायच्या जागी यायचं आणि तिच्या पायाच्या पंजावर हनुवटी टेकून झोपायचं. झोपलं की घोरायचं. एवढ्याशा जिवातून एवढा आवाज कुठून यायचा कोण जाणे, भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, आज दादांना सुट्टी का म्हणून. आई पाय हलवत नसे. 'मुंग्या आल्या गं पायाला,' म्हणायची, आणि तशीच लाटत राहायची. नाव ठेवायला पप्पांची परवानगी नव्हती. गॅरंटी संपेपर्यंत ते चार नंबरच होतं.

तिसऱ्या दिवशी कुकरची शिट्टी झाली. तो तीनदा बदललेला कुकर होता आणि त्याची शिट्टी कॉलनीच्या कमानीपर्यंत जायची. चार नंबर कुकरपासून दोन हातांवर झोपलं होतं. त्याचं घोरणंसुद्धा चुकलं नाही. आईने लाटणं थांबवलं. मग उठून तिने पितळी परात घेतली, पिल्लाच्या मागे गेली आणि परातीवर उलथणं हाणलं. काहीच नाही. पुन्हा हाणलं. कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्याने 'काय झालं ताई?' म्हणून ओरडून विचारलं. मी जमिनीवर बसून पिल्लाकडे बघत होते आणि मला हळूहळू सिन्नरची ताटली आठवत होती. आईने परात खाली ठेवली. 'बहिरं शे व माय!' ती म्हणाली, आणि लगेच दाराकडे बघितलं, पप्पा शिफ्टवरून यायला अजून चार तास होते तरी.

पप्पांना कळलं तर काय होईल, यावर आम्हा दोघींना चर्चा करायची गरजच नव्हती. साडी गेली, कुकर गेला, माझे दोन गुण गेले. रविवारी पिल्लू टोपलीत घालून सिन्नरला जाणार आणि संध्याकाळी त्याच टोपलीत दुसरं येणार. मला ते पिल्लू हवं होतं. दुसरं नको होतं, हेच हवं होतं, आणि का ते मला सांगता आलं नसतं. तीन दिवसांत एखाद्यावर एवढा जीव जडतो हे मला तेव्हा नवीन होतं, आणि त्या जडण्याचा धाक बसला होता. आई मात्र दुसऱ्याच दिवशी कामाला लागली. पिल्लाला ऐकू येत नसलं तरी पाट हललेला कळतो, हे तिने शोधून काढलं. पाटाची कड पायाच्या अंगठ्याने दाबली की ते मान वर करून बघायचं. मग त्याला एक पोह्याचा दाणा. दुपारभर आम्ही तेच करत बसायचो. पहिलीच्या पोरांना बाराखडी शिकवणारी बाई ती, शंभरदा तेच करायला कंटाळायची नाही. पापड त्या वर्षी निम्मेच झाले.

शनिवारी संध्याकाळी पप्पांनी शेवटची तपासणी घेतली. गॅरंटीचे आठ दिवस दुसऱ्या दिवशी, रविवारी संपत होते. पिल्लू पाटावर, मी पाटाशेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, आई भाजी निवडतेय असं दाखवत होती. पप्पा दाराआडून म्हणाले, 'ए!' मी अंगठा दाबला. पिल्लाने मान वर केली. 'ए!' पुन्हा दाबला. पुन्हा मान वर. तिसऱ्यांदा पप्पांनी टाळी वाजवली, आणि पिल्लाने मान वर करून माझ्याकडे पोह्यासाठी बघितलं. 'छान,' पप्पा म्हणाले. आईने सुस्कारा टाकला. मग पप्पा तितक्याच शांतपणे म्हणाले, 'उजू, आता तू स्वयंपाकघरात जा.' मी गेले. ओट्याला धरून उभी राहिले. बाहेर ताटली पडल्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने परत झाला. मग फक्त घोरण्याचा आवाज येत राहिला. नंतर रिजेक्शनचा रिपोर्ट लिहायला पप्पांनी माझ्या वहीचं एक कोरं, बिनरेघी पान मागितलं, आणि पट्टी. कंपनीचा कागद घरच्या कामाला वापरणं म्हणजे चोरी, असं ते मानत.

आई त्या रात्री नवऱ्याशी शुद्ध मराठीत भांडली, म्हणजे प्रकरण फारच पुढे गेलं होतं. 'पोटचं पोर बहिरं निघालं असतं तर परत केलं असतंत का?' पप्पा पट्टीने रेघा मारत होते. 'माणसाला गॅरंटी नसते,' ते म्हणाले. मग पेन खाली ठेवून म्हणाले, 'कशासाठी आणलं? राखणीसाठी. उद्या चोर आला आणि हे झोपून राहिलं, तर चूक कुणाची? त्याची नाही. ज्याने पास केलं त्याची. मी पास केलंय.' ते चिडलेले नव्हते. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. आज मला त्यांचं तेव्हाचं वय ओलांडून बरीच वर्षं झाली, आणि आता कळतं की त्या माणसाला पिल्लाचा राग आलाच नव्हता. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातून खराब पीस पास झाला होता, आणि तोही त्यांनी तीनदा टेस्ट करून.

रविवारी मी हट्टाने बरोबर गेले. शेखभाईंनी टोपली बघितली आणि काही विचारायच्या आत स्टूल पुढे केलं. पप्पांनी पट्टीने आखलेलं पान त्यांच्या हातात दिलं. शेखभाईंनी ते मान डोलवत वाचलं. 'साहेब, खरं सांगू? शंका होती मला. पांढऱ्यात असं निघतं. पण तुम्ही टॉर्च लावून, काच लावून एवढं तपासलंत, म्हटलं एवढा शिकलेला माणूस बघतोय, तर आपलीच शंका चुकीची असंल.' पप्पांनी मान खाली घातली. 'ब्राऊनची दोन राहिलीत. पाहिजे ते घेऊन जा. जबान दिलीय मी.' त्यांनी दोन्ही पिल्लं आणून टेबलावर ठेवली. चांगली होती. एकाने पप्पांच्या हाताचा वास घेतला. शेजारच्या टपरीवर कुणीतरी गाडी किक मारून सुरू केली, तशी दोघांनी एकदम त्या बाजूला कान टवकारले. 'बघा,' शेखभाई म्हणाले, 'सगळं ओके.'

पप्पांनी दोन्ही पिल्लं बघितली. मग त्यांनी विचारलं, 'परत आलेल्याचं काय करता तुम्ही?' शेखभाई म्हणाले, 'काय करणार? ऱ्हाईल इथंच. विकलं तर जाणार नाय.' आणि दुसरीकडे बघत म्हणाले, 'मागच्या खेपेला पण एक पांढरं होतं. बांधून तरी किती ठेवणार, साहेब? एक दिवस सुटलं. समोर हायवे हाय. ड्रायव्हरने हॉर्न मारला, लय मारला. त्याची पण काय चूक?' दुकानाला भिंत अशी तीनच बाजूंनी होती. चौथ्या बाजूला रस्ता होता, आणि त्यावरून पुण्याकडे जाणारे ट्रक आमच्यापासून दहा पावलांवरून चालले होते. मी टोपलीत हात घातला होता. पिल्लू माझी बोटं तोंडात धरून झोपलं होतं. पप्पांना गळ घालून उपयोग नसतो हे मला माहीत होतं.

कारखान्यात पास आणि रिजेक्ट यांच्यामध्ये आणखी एक गोष्ट असते, हे मला त्या दिवशी कळलं. तिला डेव्हिएशन म्हणतात. पीस ड्रॉइंगप्रमाणे नसतो, पण कुणीतरी म्हणतो की राहू द्या, चालेल, आणि आपल्या सहीवर तो घेतो. उद्या काही मोडलं-बिघडलं तर त्याचंच नाव पुढे येतं. पप्पांनी नोकरीत एकदाही डेव्हिएशनवर सही केली नव्हती. महिन्याच्या शेवटी माल अडला की वरचे साहेब स्वतः त्यांच्या टेबलाशी येऊन उभे राहत, आणि पप्पा म्हणत, 'माझ्या सहीने नाही.' त्यापायी दोनदा त्यांची बढती हुकली होती, असं आई सांगायची. पप्पांनी शेखभाईंच्या हातातून पान मागून घेतलं, उलटं केलं आणि म्हणाले, 'पेन द्या.'

मागच्या बाजूला रेघा नव्हत्या, तरी त्यांनी ओळी सरळ लिहिल्या. डेव्हिएशन. पीस नंबर चार. दोष, ऐकू येत नाही. ठरलेला वापर, राखण. त्याखाली 'बदललेला वापर' असं लिहून ते थांबले. पेनचं टोक कागदावर तसंच टेकलेलं होतं. 'उजू,' ते म्हणाले, 'काय लिहू?' कुत्रं कशासाठी असतं, याचा मी कधी विचारच केला नव्हता. मी म्हणाले, 'आपल्या घरी राहणं.' त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, हे उत्तर रकान्यात बसतंय का ते मनाशी पडताळून पाहिलं आणि जसंच्या तसं लिहिलं. मग खाली सही केली, नेहमीची, पूर्ण नावाची. शेखभाई म्हणाले, 'म्हणजे ब्राऊनवालं नको?' पप्पा म्हणाले, 'नको.'

मी टोपली उचलली, तर त्यांनी मला थांबवलं. 'डेव्हिएशनला गिऱ्हाइकाची पण सही लागते,' ते म्हणाले. 'त्याला दोष माहीत आहे आणि तरी तो माल घेतोय, असं लेखी पाहिजे.' त्यांनी पेन माझ्याकडे केलं. मी त्याआधी कधी कशावर सही केलेली नव्हती, शाळेत त्यांचीच लागायची. टेबलावर पान ठेवून मी माझं नाव, त्यांचं नाव आणि आडनाव असं सगळं सलग लिहिलं. अक्षर फार वाईट आलं. पप्पांनी पान उचलून डोळ्यांजवळ नेलं, वरपासून खालपर्यंत वाचलं आणि परत माझ्यापुढे ठेवलं. 'तारीख राहिली,' ते म्हणाले. मी तारीख टाकली, आणि मग मला रडू आलं.